नेओमीच्या नावाची डबी

एस्थर मावशी, तुझ्या शेवटच्या प्रार्थनेला मी पांढरा कुर्ता घालून आले. आमच्याकडे अशा वेळी पांढरं घालतात, एवढंच डोक्यात होतं. चर्चच्या दारात पाऊल टाकलं तर अख्खा घाना काळ्या आणि लाल कपड्यांत उभा, आणि मध्येच मी एकटी पांढरीफटक. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. क्वामे काका, तुझा नवरा, ज्याची बायको समोर पेटीत निजली होती, तो माणूस मला बघून चक्क हसला. म्हणाला, "वृंदा, यू केम ड्रेस्ड फॉर संडे." मग त्याने समजावून सांगितलं की तुमच्याकडे शनिवारी लाल-काळं नेसून रडायचं असतं, आणि रविवारी पांढरं नेसून, चांगलं आयुष्य पार पडलं म्हणून देवाचे आभार मानायचे असतात. मी एक दिवस आधीच आभार मानायला पोचले होते.

मग असू दे. तुझी पेटी विमानाने सिंगापुरातून घानातल्या तुझ्या कुमासीला गेली, तुझी माणसं रडली, मीही बाथरूमचा नळ सोडून पुरेसं रडले. आता रविवारचंच लिहिते.

मराठीत लिहितेय, कारण इंग्रजीत मी फार सभ्य होते आणि आपलं भांडण सभ्य भाषेत मिटण्यातलं नाही. तुला मराठी येत नव्हती. 'चल', 'पुरे' आणि 'अगं' हे तीन शब्द तू माझ्याकडून उचललेस आणि तेवढ्यावर माझ्यावर राज्य केलंस. सिंगापुरात वडील बाईला सगळे आंटी म्हणतात, तुझ्या घानातही म्हणतात, म्हणून तोंडाने मीही आंटीच म्हणायचे. मनात मात्र पहिल्या महिन्यापासून मावशी. आणि मावशीला आमच्याकडे अहो-जाहो करत नाहीत.

आपली ओळख झाली ती बिशानला, माझ्या ईराच्या शाळेत. तू मुलांना नाटक शिकवायला आली होतीस, आणि मी स्नेहसंमेलनाच्या मुलांचे चेहरे रंगवत होते. माझे वडील पुण्यात हौशी नाटकांची रंगभूषा करायचे. त्यांची पत्र्याची पेटी मी लग्नात दागिन्यांआधी मागून घेतली होती आणि नवऱ्याच्या नोकरीमागे इथे आले तेव्हा तीही माझ्याबरोबर आली. तू त्या पेटीत डोकावलीस आणि विचारलंस, "शनिवारी काय करतेस?" मी म्हटलं, भाजी आणते. तू म्हणालीस, "भाजी सेम्बावांगलाही मिळते."

सेम्बावांगला दुकानांच्या वरच्या मजल्यावर तुमची खोली होती. 'अँटहिल', म्हणजे वारूळ. शिपयार्डात काम करणाऱ्या नायजेरियन इंजिनियरांची मुलं, एक केनियन विद्यार्थी, दिवसा जिममध्ये शिकवणारा एक अमेरिकन कवी, युगांडाची एक नर्तकी. या शहराच्या फॉर्मांवर वंश विचारला की जे 'अदर्स'च्या रकान्यात खूण करतात ते सगळे काळे लोक तिथे येऊन नाचायचे, लिहायचे, ढोल वाजवायचे. वारूळच का, असं विचारलं तर तू म्हणालीस, मुंग्या कुणाची परवानगी मागत बसत नाहीत, बांधत सुटतात. मी म्हटलं, आमच्याकडे म्हण आहे, आयत्या बिळावर नागोबा. तिचा अर्थ सांगितल्यावर तू इतकी हसलीस की खुर्ची करकरली. मग माझ्याकडे बोट रोखलंस. "लक्षात ठेव. मदतीला ये. नागोबा होऊ नकोस."

मी झालेच होते, मावशी. पहिल्याच कार्यक्रमात.

नेओमी तेव्हा चौदा वर्षांची होती. वडील शिपयार्डात, आई ब्लेसिंग केक करून विकायची, पोरगी इथेच जन्मलेली, बोलणं पक्कं सिंगापुरी, वाक्यामागे 'लाह' नाहीतर 'वॉट' लावणारं. तिने स्वतः लिहिलेली कविता म्हणायची होती. मी तिला खुर्चीत बसवलं आणि बाबांनी शिकवल्याप्रमाणे सुरुवात केली. बाबांचा पहिला धडा असा होता की आधी चेहरा दोन छटा उजळ करून घ्यायचा, मग बाकीचं. त्यांच्या पेटीत पाच रंग, गव्हाळपासून गोऱ्यापानापर्यंत. गव्हाळाच्या पलीकडे बाबांच्या पेटीत माणूसच नव्हता. मी त्यातल्या त्यात गडद रंग घेतला आणि हात सफाईने चालवला. पोरीचा चेहरा राख फासल्यासारखा झाला. आणि मला तो छान वाटला, हे आज लिहून टाकते. तुला हे कधी सांगितलं नव्हतं.

नेओमी आरशात बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "आंटी, हू इज दॅट?" उठली, बेसिनपाशी गेली आणि चेहरा खसाखसा धुतला. ब्लेसिंग आत आली. तिने टॉवेलवरचा पांढुरका रंग पाहिला, मला पाहिलं, आणि लेकीचा हात धरून घरी निघून गेली. कार्यक्रम कवितेशिवाय झाला.

तू मला झापशील म्हणून मी तयारीत होते. तू फक्त म्हणालीस, "शनिवारी दहाला ये. पेटी आणू नकोस."

त्या शनिवारी तू मला इमारतीखालच्या मोकळ्या जागेत, उजेडात घेऊन गेलीस, बाही वर केलीस आणि विचारलंस, "हा कोणता रंग?" मी म्हटलं, ब्राऊन. तू म्हणालीस, "अगं. नीट बघ." अर्धा तास तू मला स्वतःचा हात दाखवत बसलीस. कोपराला जांभळट, मनगटाच्या आतल्या बाजूला मधाचा, दंडावर तांबूस, बोटांच्या पेरांवर जवळजवळ निळा. शेजारच्या बाकावरचे चिनी आजोबा वर्तमानपत्र सोडून आपल्याकडे बघायला लागले. चाळिशी उलटलेली बाई मी, लहानपणापासून रंगात हात घातलेली, आणि मला पहिल्यांदा कळलं की मला दिसतच नव्हतं.

मग किती शनिवार गेले. ट्यूबलाइटखाली रंग कालवायचा नाही, हा तुझा नियम. काळा घालायचा नाही, पांढरा तर नाहीच, हा दुसरा. गेरूसारखा लाल, थोडा पिवळा, निळ्याचा ठिपका, असं करत करत एकेका मुलाच्या हातावर लावून बघायचं, आणि लावलेला रंग नाहीसा झाला की समजायचं, जमला. मग तो छोट्या डबीत भरून वर त्या मुलाच्या नावाची चिठ्ठी. टुंडेची डबी, अमाराची डबी. दुकानात यातली एकही छटा मिळत नव्हती. मुलं आपापली डबी पहिल्यांदा हातात घ्यायची तेव्हा ती उघडून वास घ्यायची, आणि का कोण जाणे, लगेच आईला दाखवायला पळायची.

नेओमी महिन्याभराने परत आली, एका अटीवर. मी तिच्या चेहऱ्याला हात लावायचा नाही. तू अट मान्य केलीस आणि तरीही तिची डबी केलीस. तिच्या शेजारी बसून, तिचा हात उन्हात धरून, तू स्वतः रंग जुळवलास. डबी फळीवर राहिली. क्रीम वाळलं की तू नवी करायचीस. मी एकदा म्हटलं, कशाला वाया घालवतेस? तू म्हणालीस, "वाट बघतेय." नेओमी पाच वर्षं कोऱ्या चेहऱ्याने रंगमंचावर गेली, आणि शाळांच्या त्या पिवळ्या दिव्यांत पाचव्या रांगेच्या मागे ती फक्त आवाज होती. काय आवाज होता तो! पण चेहरा दिसायचा नाही, आणि त्याचं कारण मी होते.

आता भांडणाकडे येते, कारण तिथेच मी अडकलेय.

दोन वर्षांपूर्वीचा गणपती. आम्ही चार-पाच मराठी घरांनी मिळून मुलांचं नाटुकलं बसवलं होतं, त्यात एक राक्षस. राक्षसाच्या कामाला आमच्या मजल्यावरचा आठ वर्षांचा मुलगा, घाऱ्या डोळ्यांचा, लोण्यासारखा गोरा. राक्षस म्हणजे काळा, हे मला कुणी सांगावं लागलं नाही. मला काय, कुणालाच लागलं नाही. पण काळा आणायचा कुठून? तुमच्या डब्या मी त्या आठवड्यात नव्या करायला घरी आणल्या होत्या. त्यात एक काठोकाठ भरलेली होती, कारण ती कुणी वापरतच नव्हतं. मी ती उघडली आणि त्या पोराच्या तोंडाला, हातांना, गळ्याला लावली. वर लाल ओठ आणि दोन सुळे.

तू तिसऱ्या रांगेत बसली होतीस, मी आग्रहाने बोलावलं होतं. तू टाळ्या वाजवल्यास, उकडीचे दोन मोदक खाल्लेस, सगळ्यांना नमस्कार केलास. मी तुला स्टेशनावर सोडायला आले आणि बिशानच्या प्लॅटफॉर्मवर तू म्हणालीस, "वृंदा, तो नेओमीचा रंग होता."

एवढंच. आवाजसुद्धा चढला नाही तुझा. आणि मी, चूक कबूल करायची सोडून, वकील झाले. म्हटलं, रंग म्हणजे रंग. म्हटलं, आमच्याकडे हे हजारो वर्षांचं आहे, याचा तुमच्याशी काही संबंध नाही. म्हटलं, आमचा कृष्णही सावळाच आहे. तू म्हणालीस, "मग त्याला कोणता रंग लावलास?" निळा लावला होता, मावशी, आकाशी निळा, वर चकाकी. मी आणखी चिडले. गाडी येताना दिसली आणि मी शेवटचा बाण काढला: "मग राक्षस आहे हे मुलांना कळणार कसं?"

तू माझ्याकडे बघितलंस, गाडीत चढलीस, दार लागलं. उत्तर दिलं नाहीस. मला वाटलं, जिंकले.

घरी येऊन मी तणतणत ईराला सगळं सांगितलं. माझी लेक माझ्यासारखी नाही, तिच्या बाबांसारखी सावळी आहे. ती मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाली, "आई, यू ऑल्सो ऑल्वेज पुट पावडर ऑन मी फॉर फोटो. आंटी एस्थर इज राइट लाह." त्या रात्री मला जेवण गेलं नाही. पण तुला फोन केला का? नाही केला. तीन शनिवार आले नाही. चौथ्या शुक्रवारी तुझाच फोन. "स्पंज संपलेत. येताना आण." मी स्पंज घेऊन आले, तू चहा केलास, आणि त्या विषयाला आपण दोघींनी पुन्हा हात लावला नाही. मी नवी डबी करून फळीवर ठेवली. तू ती उजेडात नेऊन तपासलीस आणि जागेवर ठेवलीस.

मग तुझं पोटाचं दुखणं निघालं आणि सगळं फार भराभर झालं. हॉस्पिटलात मी दोनदा आले. पहिल्यांदा आपण हॉस्पिटलच्या सुपावर बोललो. दुसऱ्यांदा मी बसमध्ये वाक्य घोकत आले होते: मी चुकले, मला त्याच वेळी कळलं होतं. तू झोपली होतीस. नर्स म्हणाली, उठवू नका, बऱ्याच वेळाने डोळा लागलाय. मी रव्याची खीर कपाटावर ठेवली आणि निघून आले. घोकलेलं वाक्य तसंच परत घरी आलं.

तू गेलीस तेव्हा 'अँटहिल'चा सगळ्यात मोठा प्रयोग अकरा दिवसांवर होता. शाळेचा हॉल नाही, खरंखुरं नाट्यगृह, तिकीट लावून. आम्ही मोठी माणसं व्हॉट्सअ‍ॅपवर एकमेकांना विचारत बसलो, पुढे ढकलायचं का, बरं दिसेल का, आता हे सगळं चालवणार कोण. चाळीस मेसेज झाल्यावर नेओमीचा एक आला: "शो इज ऑन. ऑल बॅकस्टेज बाय ट्वेल्व्ह." त्यावर टुंडेचा अंगठा, अमाराचा अंगठा, मग धडाधड सगळ्या पोरांचे अंगठे. आमचा प्रश्न कुणी विचारात घेतला नाही. तू असतीस तर खुर्ची पुन्हा करकरली असती.

गेल्या शनिवारी दुपारी तीनचा प्रयोग. मी बारा वाजता रंगपटात डब्या मांडल्या. मुलं एकेक येऊन बसत होती. सगळी झाल्यावर दार उघडून नेओमी आत आली. एकोणीस वर्षांची, माझ्याहून हातभर उंच. तिने खुर्ची ओढली आणि म्हणाली, "आंटी, टुडे कॅन?"

पाच वर्षं मी त्या प्रश्नाची वाट बघत होते. मी म्हटलं, बसू नकोस. आधी ऐक. आणि बसमध्ये घोकलेलं वाक्य, जे तुझ्यासाठी होतं, ते मी तिला सांगितलं. नेओमी, तुझी डबी मी राक्षसाला लावली होती. त्यावर वादही घातला. चुकले.

नेओमी म्हणाली, "आय नो, आंटी."

"एस्थर आंटीने सांगितलं?"

"नो लाह. आय वॉज देअर, वॉट. शी कॉल्ड मी. आय केम लेट फ्रॉम ट्यूशन, स्टँडिंग अ‍ॅट द बॅक."

मावशी! तू तिला बोलावलं होतंस. माझं काम चांगलं झालेलं तिला दिसावं, तिची अढी जावी म्हणून. ती मागे उभी राहिली आणि तिने स्वतःला त्या पोराच्या तोंडावर सुळ्यांसकट पाहिलं. तू प्लॅटफॉर्मवर माझं सगळं वकिली भाषण ऐकून घेतलंस, आणि ती तिथे होती हे एका शब्दाने बोलली नाहीस. बोलली असतीस तर मी त्याच क्षणी तुझ्या पाया पडले असते. तुला तसं नको होतं. मला आपणहून यायला हवं होतं.

नेओमीच सांगत होती. तिने तुला विचारलं होतं, ही बाई मला कधीतरी सांगेल का? तू म्हणाली होतीस, सांगेल. कधी? तर म्हणे तू म्हणालीस, "अगं, शी इज स्टबर्न. ब्रिंग अ चेअर." ते 'अगं' नेओमीने इतकं हुबेहूब तुझ्यासारखं काढलं की आम्ही दोघीही हसलो, आणि मग मला हसू आवरेना आणि रडूही.

नाक पुसून मी तिलाच विचारलं, खरंच विचारलं, भांडायला नव्हे. "मग राक्षस आहे हे मुलांना कळणार कसं?"

"बाय वॉट ही डज, आंटी," ती म्हणाली, आणि बसली.

दोन वर्षं मला जे सुचलं नाही ते त्या पोरीने खुर्चीत बसता बसता सांगितलं. तू मला त्या दिवशी हे उत्तर का दिलं नाहीस, ते आता कळतं. तुझ्याकडून मी ते घेतलं नसतं.

मी तिची डबी उघडली. बोटांनी लावलं, स्पंज घेतलाच नाही. कपाळ, नाक, कानाच्या पाळ्या. रंग लावत गेले तसा तो नाहीसा होत गेला. मग कपाळाच्या उंचवट्यावर आणि गालफडांवर तांबूस चमक, उजेडाला टेकायला जागा. ती आरशात बराच वेळ बघत राहिली, अगदी त्या वेळेसारखी. मग तिने आरशातल्या स्वतःकडे बघून भुवई उडवली, आणि गेली.

प्रयोगाचं काय सांगू! टुंडेच्या ढोलाने माझ्या फासळ्या हलल्या. युगांडाची ती नर्तकी इतकी उंच उडाली की पुढच्या रांगेतल्या एका साहेबांनी पाय वर घेतले. आणि शेवटी नेओमी एकटी, दोन खुर्च्या घेऊन. एकीवर ती, दुसरी रिकामी. गच्च भरलेल्या एमआरटीतही, म्हणजे इथल्या मेट्रोतही, तिच्या शेजारची जागा रिकामी राहते, त्या जागेशी ती दहा मिनिटं बोलली. लोक आधी हसले, मग अवघडले. मी सगळ्यात मागच्या रांगेत जाऊन उभी राहिले होते. तिथून मला तिची प्रत्येक पापणी दिसत होती. हसू ओठांवर येण्याआधी गालात कुठे हलतं, ते दिसत होतं. अख्खं नाट्यगृह उठून उभं राहिलं, मावशी. कुमासीहून परतलेला क्वामे काका हात वर करून टाळ्या वाजवत होता आणि घानामधल्या कुठल्याशा गाण्यासारखं मोठ्याने ओरडत होता. लोक निघायलाच तयार नव्हते.

वारूळ चालवणार कोण, हा प्रश्नही तिथेच निकालात निघाला. मुलांनीच ठरवलं, नेओमी आणि टुंडे. आम्हा मोठ्यांना कळवण्यात आलं. मला पुढच्या शनिवारची वेळही कळवण्यात आली आहे. नागोबाला बिळात जागा नाही, कामाला मात्र बोलावणं आहे. आणि गणपतीच्या नाटुकल्याची मंडळी यंदा राक्षसाच्या रंगाचं विचारायला येतील तेव्हा माझ्याकडे उत्तर तयार आहे. तू जिंकलीस. हरल्याचा इतका आनंद मला जन्मात झाला नव्हता.

आणि एक राहिलं. मी रंगपटात डब्या आवरत होते. नेओमी आली, मागोमाग ब्लेसिंग. पाच वर्षं ही बाई माझ्याशी मान हलवण्यापलीकडे बोललेली नाही. तिने लेकीचा चेहरा दोन्ही हातांत धरला, दिव्याकडे वळवला, आणि आईच करू जाणे अशा बारकाईने तपासला. मग पदार्थाची चव घेताना पातेल्यावरून बोट फिरवावं तसं एक बोट गालावरून जोरात ओढलं आणि उजेडात धरून बघितलं. मीही वाकून बघितलं. बोटाला रंग लागला होता, ओला, चांगला जाड. पण तो दिसत नव्हता. आईच्या बोटावर लेकीचा रंग कुठे सुरू होतो, ते मला शोधूनही सापडलं नाही.